प्रतिष्ठित व्यक्ती पाहिजे

घर रेडिंगमध्ये, आम्हीही रेडिंगमध्येच, आणि सॉलिसिटर दोनशे मैलांवर यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात. इंग्लंडमध्ये घरखरेदीचं कायदेशीर काम बघणारा माणूस आपल्याच गावातला लागतो असं नाही. फोन, ईमेल आणि टपाल यांवर सगळं भागतं. आम्ही दोन-तीन ठिकाणचे दर मागवले, त्यातला एक खिशाला झेपणारा होता, आणि आमची फाइल उत्तरेला गेली. पुढचे काही महिने या सॉलिसिटर बाईंशी आमचा इतका संबंध आला की आमच्या पगारापासून माझ्या वडिलांच्या ग्रॅच्युइटीपर्यंत सगळं त्यांना ठाऊक झालं. पाहिलं मात्र एकमेकींना कधीच नाही.

त्यांच्या पहिल्या ईमेलमध्ये घराबद्दल अवाक्षर नव्हतं. आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा, मग बोलू, असा एकूण सूर. त्याला कारण होतं. मनी लाँडरिंग रोखण्याचे २०१७ चे नियम इथल्या वकिलांना लागू आहेत, आणि अशिलाची ओळख न पटवता व्यवहार केला तर वकिलावरच कारवाई होऊ शकते. म्हणून फोटो असलेला एक कागद हवा होता, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. शिवाय पत्त्याचा पुरावा हवा होता. तो तीन महिन्यांच्या आतला, आणि घरी टपालाने आलेला. इंटरनेटवरून छापून घेतलेला चालणार नाही. मोबाइलचं बिल चालणार नाही. लायसन्स ओळखीसाठी वापरलं तर तेच पत्त्यासाठी चालणार नाही.

सुरुवातीला त्यांनी एका अ‍ॅपची लिंक पाठवली होती. पासपोर्टचा फोटो काढायचा, मग फोन पासपोर्टवर टेकवून ठेवायचा म्हणजे आतली चिप वाचली जाते, मग कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे, उजवीकडे. इथल्या भूमी-नोंदणी खात्याने, म्हणजे लँड रजिस्ट्रीने, २०२१ च्या मार्चमध्ये ओळख पटवण्याची जी डिजिटल पद्धत ठरवून दिली ती या चिपवरच उभी आहे. आमचे पासपोर्ट भारतीय, आणि भारताने सर्वसामान्यांना चिपवाले पासपोर्ट द्यायला सुरुवात केली ती २०२४ मध्ये. आमच्या जुन्या पासपोर्टांत चिप नव्हतीच. फोन आपला सांगतोय, हलू नका, हलू नका. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवरा श्वास रोखून उभा. नसलेली चिप किती वेळ वाचणार? बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, मग कागदाच्या जुन्या रस्त्याने जाऊ.

हा जुना रस्ता कळायला या देशाचा एक स्वभाव ठाऊक असावा लागतो. इथे ओळखपत्र नावाची वस्तू नाही. दुसऱ्या महायुद्धात ती सगळ्यांना दिली होती. युद्ध संपलं तरी सरकारने ती चालूच ठेवली. १९५० च्या डिसेंबरात गाडी चालवणाऱ्या एका गृहस्थाने पोलिसाला कार्ड दाखवायला साफ नकार दिला, खटला झाला, त्याला दोषी धरलं खरं, पण न्यायमूर्तींनी कान उपटले ते पोलिसांचे. १९५२ मध्ये कार्डं गेली. पुढे २००६ मध्ये नवा कायदा करून ती परत आणायचा प्रयत्न झाला, आणि नव्या सरकारने २०१० मध्ये तो कायदाही रद्द केला. ओळखपत्र म्हणजे सरकारची पाळत, अशी इथल्या माणसाची पक्की समजूत. ती मला पटते. फक्त तिचा परिणाम असा झालाय की माणसाची ओळख शेवटी गॅसच्या बिलावर येऊन ठेपते. सरकारने मला ओळखू नये यासाठी इथे लोक भांडले, आणि आता गॅस कंपनी ओळखते का एवढंच विचारतात.

गॅस कंपनी मला ओळखत नव्हती. मी या देशात नवऱ्याच्या व्हिसावर आले, घर भाड्याचं, वीज-गॅस-पाणी त्याच्या नावावर. लग्न करून परदेशी आलेल्या बहुतेक मराठी बायकांचं असंच असतं. बँकेने कागद वाचवण्याच्या नावाखाली केव्हाच टपाल बंद केलं होतं. माझ्या नावाचा एकच कागद घरी टपालाने येत होता, नगरपालिकेचं कौन्सिल टॅक्सचं बिल. दर वर्षी मार्चमध्ये येतं आणि त्यावर दोघांची नावं असतात. आदल्या वर्षी तो लिफाफा मी फोडलाही नव्हता. त्या वर्षी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.

पासपोर्ट आणि हे बिल मूळ स्वरूपात टपालाने पाठवा, किंवा साक्षांकित प्रती पाठवा, असे दोन पर्याय होते. पासपोर्ट टपालात टाकायला नवरा तयार होईना. परदेशात राहणाऱ्या माणसाला पासपोर्ट हातावेगळा करताना काय वाटतं ते या देशात जन्मलेल्यांना सांगून कळत नाही. आमच्या राहण्याच्या परवान्याची कार्डंही बाईंनी मागवली होती, आणि त्यांवर मुदत ३१ डिसेंबर २०२४ अशी छापलेली. कायमचं राहण्याची परवानगी मिळालेल्यांच्या कार्डांवरही तीच तारीख होती, कारण त्यानंतर सगळं ऑनलाइन जाणार होतं. वर्षअखेर तुम्ही देश सोडणार का, असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

तर साक्षांकित प्रती. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी गॅझेटेड ऑफिसर शोधत हिंडलेल्या पिढीतली मी. मला वाटलं, यात काय, शिक्काच मारायचा. बाईंनी यादी पाठवली: बँकेतला अधिकारी, नगरसेवक, धर्मगुरू, डेंटिस्ट, चार्टर्ड अकाउंटंट, शिक्षक, नोटरी, दुसरा सॉलिसिटर. समाजात प्रतिष्ठित अशी व्यक्ती. ती तुमच्या नात्यातली नको, एका घरात राहणारी नको. पोस्टातही पैसे भरून ही सोय मिळते, पण आमच्या बाईंच्या यादीत पोस्ट नव्हतं.

आमच्या बँकेच्या शाखेत गेले तर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, हे काम आम्ही बंद केलंय. मग मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: प्रतिष्ठित व्यक्ती पाहिजे. त्यावर दिवसभर जी करमणूक झाली ती सांगत बसत नाही. माझ्या ओळखीचे सगळे संगणकवाले. गणपतीत पूजा सांगणारे गुरुजी धर्मगुरू म्हणून चालतील असं एकीने सुचवलं, पण तेही सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंगच करतात. ज्या मैत्रिणीने माझ्या बाळंतपणात दोन महिने डबे पोचवले ती मला ओळखते असं म्हणायला यादीप्रमाणे पात्र नाही. ज्याने माझ्या दाढांपलीकडे काही पाहिलेलं नाही तो डेंटिस्ट पात्र.

शेवटी मुलीच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे गेले. शाळेच्या फाटकात रोज सकाळी उभ्या असतात, पावसातही. त्यांनी शाळा सुटल्यावर बोलावलं. हे काम मी समजले होते तसं अर्ध्या मिनिटाचं नव्हतं. त्यांनी आधी चष्मा बदलला. पासपोर्ट उघडून माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि केस कानामागे घ्यायला सांगितले. फोटो आठ-नऊ वर्षांपूर्वीचा, मुलीच्या जन्माआधीचा. त्या पाहत राहिल्या, मी पाहून घेत राहिले. मग झेरॉक्सवरची प्रत्येक ओळ मुळावर बोट ठेवून ताडून पाहिली. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची, नवऱ्याची नावं आणि पत्ता असतो. ते पान त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पासपोर्ट भारतात काढलेला, त्यामुळे पत्ता सासरचा. मधलं नाव नवऱ्याचं आहे, हा दुसरा कोणी तर नव्हे ना, असं विचारून त्यांनी खात्री करून घेतली. मग शाईच्या पेनाने प्रत्येक प्रतीवर लिहिलं की मूळ कागद मी स्वतः पाहिला, ही त्याची खरी प्रत आहे, आणि फोटो समोरच्या व्यक्तीशी जुळतो. सही, तारीख, हुद्दा, शाळेचा पत्ता. शाळेच्या शिक्क्यावर घुबड आहे. ते घुबड माझ्या गालावर थोडं चढलं.

फोन नंबर लिहायचा राहिला, म्हणून यॉर्कशायरहून सगळं परत आलं. पुन्हा मुख्याध्यापिका, पुन्हा चष्मा.

त्या वेळी मी वैतागून बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लूटनच्या पाद्र्यांची बातमी वाचली होती का, असं विचारलं. वाचली होती, पण तिचा आणि माझा संबंध जोडला नव्हता. २०२१ च्या उन्हाळ्यात कामानिमित्त वेल्समध्ये असलेल्या एका पाद्र्यांना शेजाऱ्यांचा फोन आला की तुमच्या घरात दिवे लागलेत. ते धावत आले, किल्ली दाराला लागेना. आत सामान नाही, सतरंज्या नाहीत, आणि गवंड्याचं काम चाललेलं. घर १,३१,००० पौंडांना विकलं गेलं होतं. त्यांच्या नावाने दुसऱ्याच माणसाने डुप्लिकेट लायसन्स मिळवलं, त्याच नावाने बँकेत खातं उघडलं, आणि लांबून, कागदोपत्री घर विकून पैसे उचलले. पोलिसांनी आधी सांगितलं, हे फौजदारी प्रकरणच नाही, कारण नोंदणीत नाव नव्या मालकाचं लागलेलं.

ही गोष्ट ऐकून माझा राग उतरला हे खरं. पण मनात दुसरंच काहीतरी आलं. त्या भामट्याकडे सगळे कागद होते. जे माझ्याकडे जमता जमत नव्हते ते त्याने नीट जमवले होते. खोटा माणूस कागदात कमी पडत नसतो. तो तयारीनेच येतो. अडखळतो तो खरा माणूस, कारण गॅसचं बिल कुणाच्या नावावर असावं याचा विचार करून कोणी संसार थाटत नाही.

आमच्याकडे याच्या बरोबर उलटी रीत. सासूबाईंनी साताऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा मी सोबत होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेणारा आणि देणारा दोघांनी देहाने हजर राहायचं, कॅमेऱ्यापुढे बसायचं, अंगठा यंत्रावर टेकवायचा, आणि मी यांना ओळखतो म्हणणारे दोन जण सोबत न्यायचे. ते प्रतिष्ठित असायची गरज नाही. सासूबाईंच्या बाजूने दूधवाले काका आले होते. म्हणजे तिथे फसवणूक होत नाही असं मुळीच नाही. तोतया उभा करून दस्त केल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत नेहमी असतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, आणि तोवर भाऊंना प्रत्यक्ष पाहिलेल्या कितीतरी माणसांनी त्याला भाऊ मानलं होतं. पण तिथे निदान फसायला समोर माणूस लागतो. आमच्या व्यवहारात विकणारा, घेणारा, दोघांचे सॉलिसिटर आणि कर्ज देणारी बँक यांतलं कुणीही कुणाला भेटलं नाही.

माझी ओळख पटली तेव्हा पैशांची ओळख मागितली. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, आणि डिपॉझिटमधली काही रक्कम वडिलांकडून येणार म्हटल्यावर वडिलांचीही ओळख.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पैसे त्यांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे, मुदत ठेवीत ठेवलेले. मी फोनवर यादी वाचून दाखवली: पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, ठेवीच्या पावत्या, निवृत्तीचा आदेश, सगळं नोटरीकडून साक्षांकित करून. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"अर्ध्या तालुक्याच्या जन्मतारखा माझ्या सहीवर चालतात," ते म्हणाले.

खोटं नाही ते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकाने जी तारीख लिहिली ती त्या मुलाची जन्मतारीख, पुढे नोकरीला, पेन्शनला, पासपोर्टला तीच. असे दाखले त्यांनी जन्मभर दिले. त्यांना मी इथल्या मुख्याध्यापिकेचं सांगितलं तेव्हा जरा बरं वाटलं. फोन नंबर लिहायला विसरल्या हे मात्र त्यांना अजिबात पटलं नाही.

पुढची अडचण आजोबांच्या नावाची. अण्णांच्या आधार कार्डावर आजोबांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक 'ए' जास्त, पॅनवर तो नाही. मराठी घरांत हे इतकं सर्रास असतं की आम्हाला ते दिसलंच नव्हतं. यॉर्कशायरला दिसलं. मग साताऱ्याच्या कोर्टाबाहेर शंभराच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र झालं, की ही दोन्ही नावं एकाच इसमाची. त्यावर नोटरीचं तिकीट, गोल शिक्का आणि लाल सील. बाईंचं उत्तर आलं की असा सुरेख दस्तऐवज आमच्या ऑफिसात आजवर आला नव्हता. अण्णांना मी तेवढं भाषांतर करून सांगितलं.

भेटपत्राने सगळ्यांत जास्त दुखावलं. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही, ती मी परत मागणार नाही, आणि या घरावर मी कसलाही हक्क सांगणार नाही, असं वडिलांनी लिहून द्यायचं. कर्ज देणाऱ्या बँकेची ती अटच असते. "लेकीला दिलेलं परत कोण मागतं? आणि हे कागदावर का?" आई मागून म्हणत होती, द्या हो लिहून, त्यांच्यात तसंच असतं. त्यांनी लिहून दिलं. अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखं. पैसे पाठवताना बँकेने सात लाखांवरच्या रकमेवर वीस टक्के कर आधीच कापून घेतला, तेव्हाचा नियम तसा होता. तो पुढे विवरणपत्रातून परत मिळाला, पण कापला त्या दिवशी अण्णांचा आवाज ऐकण्यासारखा होता. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर त्यांचं नाव छापलेलं होतं म्हणून आमचं नातं तरी वेगळं सिद्ध करावं लागलं नाही.

करारांची अदलाबदल जवळ आली तशी दहा टक्के रक्कम भरण्यासाठी बाईंचं पत्र आलं. वर लाल अक्षरांत लिहिलेलं: आमचा खाते क्रमांक बदलणार नाही, बदलला असा ईमेल आला तर विश्वास ठेवू नका. चोर वकिलांच्या ईमेलमध्ये शिरतात, नेमक्या वेळी त्यांच्याच भाषेत नवा खाते क्रमांक पाठवतात, आणि लोकांची जन्माची पुंजी जाते. इथे शुक्रवारी बरीच घरं ताब्यात जातात, म्हणून या प्रकाराला शुक्रवारचं नावच पडलंय. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की इतके दिवस मी या बाईंना माझी ओळख पटवत होते, पण या बाई कोण हे मला कुणी पटवून दिलेलं नव्हतं. माझ्याकडे होती ती एक ईमेलची सही आणि एक आवाज.

मग मी माझ्यापुरती चौकशी केली. सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची नोंदवही कुणालाही पाहता येते. तिच्यात बाईंचं नाव आणि ऑफिस सापडलं. ईमेलमधला फोन नंबर न वापरता तिथून मिळालेल्या नंबरवर फोन लावला आणि खाते क्रमांक एकेक आकडा करून वाचून घेतला. मग बँकेच्या अ‍ॅपने नाव जुळतं म्हणून सांगितल्यावरही आधी एकच पौंड पाठवला, आणि तो पोचला का ते पुन्हा फोन करून विचारलं. माफी मागायच्या सुरात मी म्हटलं, तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही. बाई म्हणाल्या, असायलाच हवा. सगळ्या प्रकरणात मला त्यांचं सर्वांत आवडलेलं वाक्य ते.

ताबा शुक्रवारीच मिळाला. किल्ल्या इस्टेट एजंटकडे होत्या. मी पर्समधून पासपोर्ट काढून हातात धरूनच आत शिरले. काउंटरवरच्या मुलाने घर कुठलं ते विचारलं, ड्रॉवरमधून पाकीट काढलं, अभिनंदन म्हटलं आणि दिलं. पासपोर्टकडे त्याने पाहिलंदेखील नाही.

नोंदणीचा उतारा नंतर पीडीएफ होऊन आला. हा उतारा कुणीही, कुणाच्याही घराचा काढू शकतो. तेव्हा तीन पौंड लागत, आता सात लागतात. मालक कोण, घर केवढ्याला घेतलं, सगळं त्यात. तो मी अण्णांना पाठवला. त्यांनी ए, बी, सी असे तिन्ही भाग लक्षपूर्वक वाचले आणि लगेच त्यातलं मर्म पकडलं: ए म्हणजे मिळकतीचं वर्णन, बी म्हणजे कब्जेदार, सी म्हणजे इतर हक्कांत बँकेचा बोजा. सातबाराच आहे की, म्हणाले. मग विचारलं, शिक्का कुठाय? मी सांगितलं, २००३ पासून इथे घराचं प्रमाणपत्र देतच नाहीत, संगणकातली नोंद हीच मालकी.

हे त्यांना रुचलं नाही. उद्या कुणी नोंदच बदलली तर? लूटनची गोष्ट मी त्यांना सांगितलेली होती, ते चुकलंच. लँड रजिस्ट्रीची एक फुकट सोय आहे. घराच्या नोंदीत काही हालचाल झाली की ईमेल येतो, एका माणसाला दहा घरांपर्यंत नजर ठेवता येते, आणि घर आपल्याच मालकीचं असायला हवं असंही नाही. ते कळल्यावर अण्णांनी स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि आमचा पत्ता त्यात घातला. आता रेडिंगमधल्या आमच्या घराच्या नोंदीला कुणी हात लावला तर साताऱ्यात कळेल.